प्रत्येक संगणकाची किल्ली वेगळी

गेल्या रविवारी माझी भाची आपला नवा लॅपटॉप घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी आली. ती अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघी मैत्रिणींनी मिळून एक प्रोजेक्ट घेतला आहे आणि त्याचा सगळा कोड गिटहबवर, म्हणजे कोड साठवून अनेकांना मिळून त्यावर काम करता येते अशा संकेतस्थळावर, ठेवायचे त्यांनी ठरवले आहे. ब्राउझरमध्ये तिचे खाते व्यवस्थित उघडत होते, परंतु टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, कोड वर पाठवायला गेले की तोच पासवर्ड नाकारला जात होता. "मामा, पासवर्ड बरोबर टाकतेय की, तरी घेत नाही," असे म्हणत तिने मला पडदा दाखवला आणि लगेच पुढे सांगितले की, यावरचा उपायही मिळालेला आहे. तिच्या मैत्रिणीने आपल्या संगणकावरची एसएसएचची, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून देणाऱ्या प्रणालीची, किल्ली व्हॉट्सॲपवर पाठवून दिली होती. ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची एवढेच तिला माझ्याकडून समजून घ्यायचे होते.

मी ती फाइल उघडून पाहिली. पहिल्याच ओळीत, दोन्ही बाजूंना पाच-पाच आडव्या रेघा मारून, 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते. ज्या संगणकावर जन्मली त्या संगणकाबाहेर जी फाइल कधीही जाऊ नये, ती आता दोघींच्या फोनमध्ये आणि भाचीच्या लॅपटॉपच्या डाउनलोड फोल्डरमध्ये येऊन बसली होती. ती दुपार आम्ही दोघांनी हे सगळे निस्तरण्यात घालवली. तेव्हा तिला जे सांगितले ते इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण जवळजवळ हीच चूक मी स्वतः २०२१ साली केली होती आणि ती मला चांगलीच महागात पडली होती.

मी फाउंड्र्यांसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर लिहितो. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) नंबर, त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूतल्या घटकांची तपासणी), त्यातून ओतलेली कास्टिंग, त्यांतले रिजेक्शन आणि शेवटी डिस्पॅच, अशी साखळी नोंदवणारा तो प्रोग्रॅम आहे आणि शिरोली व गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या काही कारखान्यांत तो रोज वापरला जातो. २०२१ साली माझी कामाची खोली शाहूपुरीत तळमजल्यावर होती. त्या जुलैत २२-२३ तारखेला पाऊस असा कोसळला की राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून भराभर वर चढत गेली. २०१९ चा पूर डोळ्यांनी पाहिलेला असूनही मी संगणक जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवला आणि तेवढे पुरेल असे समजून घरी आलो. ते पुरले नाही. पाणी ओसरल्यावर दार उघडले तेव्हा टेबलावर गाळाचा थर होता आणि संगणक कामातून गेलेला होता. कोड मात्र गिटहबवर असल्यामुळे त्याची एक ओळही गेली नाही, हे मी आजही मोठे भाग्य मानतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नवा संगणक आला. मी सगळे रेपो (गिटहबवरचे कोडचे साठे) पुन्हा उतरवून घेतले, जुन्या सवयीने खात्याचा पासवर्ड टाकत राहिलो आणि काम पुढे सुरू झाले. १४ ऑगस्टला, शनिवारी सकाळी, कोड वर पाठवायला गेलो तर पासवर्ड नाकारला गेला. आदल्या दिवसापासून, म्हणजे १३ ऑगस्ट २०२१ पासून, गिटहबने गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणे कायमचे बंद केले होते. तशी सूचना त्यांनी कितीतरी महिने आधी दिलेली होती. मी ती वाचलेली नव्हती. आता दोनच वाटा होत्या. एचटीटीपीएसच्या, म्हणजे वेबच्या नेहमीच्या, पत्त्यावरून जायचे तर पासवर्डऐवजी टोकन (गिटहबकडून तयार करून मिळणारी लांब अक्षरमाला) वापरायचे, नाहीतर एसएसएचच्या किल्ल्या तयार करायच्या. मी दुसरी वाट धरली, पण घाईत धरली. पासफ्रेज (किल्लीची फाइल उघडण्यासाठीचा परवलीचा मजकूर) न घालता एक किल्ली तयार केली, पेनड्राइव्हवर घेतली, घरच्या लॅपटॉपवर टाकली आणि एका ग्राहकाच्या कारखान्यात जिथून प्रोग्रॅमच्या सुधारित आवृत्त्या उतरवायच्या होत्या त्या संगणकावरही तीच ठेवली. किल्ली एक आणि ठिकाणे तीन.

सुमारे दीड वर्षाने त्या कारखान्यातल्या माणसाशी बोलताना सहज कळले की, तो जुना संगणक त्यांनी बदलला होता आणि डिस्कसकट विकून टाकला होता. त्यालाही कित्येक आठवडे उलटून गेलेले होते. मी ताबडतोब गिटहबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पाहिले. तिथे प्रत्येक किल्लीखाली ती शेवटची कधी वापरली गेली हे दाखवलेले असते, आणि माझ्या किल्लीखाली ती त्याच आठवड्यात वापरली गेल्याचे लिहिलेले होते. तो वापर माझा होता की आणखी कोणाचा, हे मला सांगता येईना, कारण माझे दोन्ही संगणक आणि विकला गेलेला तो तिसरा, सगळे एकाच किल्लीने आत जात होते. ती काढून टाकण्यावाचून इलाज नव्हता. काढली, आणि त्याच क्षणी माझे स्वतःचे दोन्ही संगणकही बाहेर फेकले गेले, तेही एका ग्राहकाला डिस्पॅच रिपोर्टमधली दुरुस्ती संध्याकाळपर्यंत द्यायची होती त्या दिवशी. कोड कोणाच्या हाती लागल्याचे पुढे कधी दिसले नाही. पण ते आठवडाभराचे अस्वस्थपण अगदी साध्या काळजीने टळले असते, आणि म्हणूनच भाचीच्या डाउनलोड फोल्डरमधली ती फाइल पाहून मी हातातला चहा बाजूला ठेवला.

सगळ्या गोंधळाचे मूळ मला 'किल्ली' या शब्दातच दिसते. एसएसएचमध्ये दोन फाइली एकदम तयार होतात आणि दोघींनाही आपण किल्लीच म्हणतो: एक पब्लिक, एक प्रायव्हेट. खरे तर पब्लिक की म्हणजे किल्ली नव्हेच. ते कुलूप आहे. कुलूप कोणाच्याही हाती द्यावे, दहा दारांना लावावे, बाजारात मांडून ठेवावे, त्याने काही बिघडत नाही. गिटहब तर हे कुलूप लपवतही नाही: कोणाच्याही खात्याच्या पत्त्यापुढे 'डॉट कीज' असे लिहिले की त्या माणसाच्या पब्लिक की जगातल्या कोणालाही वाचता येतात. मी भाचीला माझ्या खात्याचे ते पान उघडून दाखवले तेव्हा तिला आश्चर्य वाटले, पण त्यामुळे दोन फाइलींमधला फरक तिच्या मनात पक्का बसला.

कुलपाची उपमा इथपर्यंत चालते, पुढे अपुरी पडते. घरचे कुलूप उघडायला किल्ली कुलपात घालावी लागते. इथे प्रायव्हेट की दारापर्यंत कधी जातच नाही. दोन्ही बाजू आधी आपसांत एक गुप्त मार्ग तयार करतात आणि त्या मार्गाला, त्या एका भेटीपुरती, स्वतःची ओळखखूण मिळते. आपला संगणक ती खूण ज्यात आहे अशा मजकुरावर प्रायव्हेट कीने सही करतो आणि फक्त सही पाठवतो. गिटहब आपल्याजवळच्या पब्लिक कीने ती सही पडताळून पाहते. खूण दर भेटीला निराळी असल्याने आजची सही कोणी वाटेत टिपली तरी उद्या तिचा उपयोग होत नाही. जुन्या कागदांवर मुद्रा उमटवायचे तसे हे आहे: उमट गावोगाव जायचा, मुद्रा मात्र मुतालिकाजवळ पेटीत राहायची. फरक एवढाच की मुद्रेचा उमट पाहून नकली मुद्रा कोरणारे कारागीर निघत असत, आणि इथे पब्लिक की हाती असूनही तिच्यावरून प्रायव्हेट की काढणे आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

पासवर्डच्या नेहमीच्या पद्धतीत हे शक्य नसते. पासवर्ड पडताळून घ्यायचा तर तो समोरच्याच्या हाती द्यावाच लागतो. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठात नेमके हेच घडले होते: कोणीतरी विद्यापीठाच्या नेटवर्कवर कान लावून वाहते पासवर्ड टिपले, आणि त्यावर उपाय म्हणून तिथल्या तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच लिहिले. आज आपण सगळे वापरतो ते ओपनएसएसएच; ते ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पातल्या लोकांनी १९९९ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणले.

आता प्रत्यक्ष काम. भाचीच्या लॅपटॉपवर विंडोज आहे आणि गिट बसवताना त्याच्याबरोबर गिट बॅश हे टर्मिनलही आलेले होते, म्हणून आम्ही तेच उघडले. सर्वांत आधी मैत्रिणीची फाइल डाउनलोड फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधून काढून टाकली. मग एसएसएच-कीजेन ही कमांड लिहिली, तिच्यापुढे डॅश टी आणि ईडी२५५१९ हा प्रकार, आणि त्यापुढे डॅश कॅपिटल सी देऊन अवतरणचिन्हांत एक टिप्पणी. ही टिप्पणी म्हणून बहुतेक ठिकाणी ईमेल लिहायला सांगतात, त्यामुळे ईमेल चुकला तर किल्ली चालणार नाही अशी पुष्कळांची समजूत होते. तसे काही नाही. ते केवळ आपल्या आठवणीसाठी लिहिलेले नाव आहे. मी तिला तिथे स्वतःचे नाव, लॅपटॉपचे नाव आणि महिना-वर्ष लिहायला सांगितले.

ईडी२५५१९ या नावातला आकडा गणितातून आलेला आहे: २ चा २५५ वा घात घेऊन त्यातून १९ वजा केले की जी मूळ संख्या मिळते, तिच्यावर ही पद्धत उभी आहे. डॅनियल बर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २०११ मध्ये मांडली. जुन्या मार्गदर्शक लेखांत आरएसए प्रकारची ४०९६ बिटांची किल्ली करायला सांगितलेले आढळते आणि तीही आजमितीस सुरक्षित आहे, परंतु तिची पब्लिक की ७०० हून अधिक अक्षरांची होते, तर ईडी२५५१९ ची अवघी ६८ अक्षरांची. चिकटवताना एखादे अक्षर सुटण्याची भीती तेवढी कमी. ऑक्टोबर २०२३ च्या ओपनएसएसएच ९.५ पासून प्रकार न सांगताही ईडी२५५१९ चीच किल्ली तयार होते. डीएसए नावाचा आणखी जुना प्रकार कुठे दिसला तर तो लेख सरळ बंद करावा. गिटहबने १५ मार्च २०२२ पासून त्या किल्ल्या घेणे थांबवले आहे.

एंटर दाबल्यावर फाइल कुठे ठेवायची हे विचारले गेले. आधीची किल्ली नसेल तर सुचवलेली जागा मान्य करावी. ती असेल, तर पुढे 'ओव्हरराइट' असा प्रश्न येतो आणि तिथे हो म्हणण्यापूर्वी पूर्ण थांबावे, कारण पुसली गेलेली प्रायव्हेट की कोणत्याही उपायाने परत मिळत नाही. मग पासफ्रेजचा प्रश्न आला. भाची टाइप करू लागली आणि थांबली, कारण पडद्यावर काहीच उमटत नव्हते, ठिपकेसुद्धा नाहीत. "कीबोर्ड अडकलाय काय?" असे तिने विचारले. कीबोर्ड ठीक होता. बाजूला बसलेल्याला अक्षरांची संख्याही कळू नये म्हणून ते तसेच ठेवलेले आहे. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि तिला एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायला सांगितले. दोनदा तेच लिहून झाल्यावर किल्ली तयार झाली आणि खाली एक चौकट उमटली, तिच्यात ठिपके, अधिकचिन्हे, तारे, अशी रांगोळी काढल्यासारखी नक्षी. ती नक्षी म्हणजे किल्लीच्या फिंगरप्रिंटचेच, म्हणजे तिची ओळख पटवणाऱ्या छोट्या अक्षरमालेचेच, चित्ररूप असते.

पासफ्रेज पुष्कळ जण टाळतात, आणि मीही टाळली होती. ती नसेल तर प्रायव्हेट कीची फाइल ज्याच्या हाती पडेल तो तिचा मालक होतो. ती असेल तर विकलेल्या संगणकाच्या डिस्कवरून फाइल उचलूनही काही हाती लागत नाही, निदान आपण सावध होऊन किल्ली रद्द करीपर्यंत तरी. दर वेळी ती लिहिण्याचा कंटाळा येऊ नये म्हणून एसएसएच-एजंट आहे: दिवसाच्या सुरुवातीला एकदा पासफ्रेज दिली की उघडलेली किल्ली तो आपल्या स्मृतीत धरून ठेवतो आणि संगणक बंद झाला की विसरतो. आधी पासफ्रेज न घालता केलेली किल्ली असेल तर एसएसएच-कीजेनला डॅश पी देऊन तिला नंतरही पासफ्रेज घालता येते. पब्लिक की बदलत नाही, त्यामुळे गिटहबवर काही करावे लागत नाही.

मग 'डॉट एसएसएच' फोल्डर उघडला. त्यात एकाच नावाच्या दोन फाइली होत्या, एकीच्या शेवटी 'डॉट पब'. मी तिला दोन्ही उघडून शेजारी-शेजारी पाहायला सांगितल्या. पब असलेली एकाच ओळीची: सुरुवातीला 'एसएसएच-ईडी२५५१९', मग ती ६८ अक्षरे, मग तिची टिप्पणी. दुसरी अनेक ओळींची आणि वर तोच 'प्रायव्हेट की' असा मथळा. "बाहेर जाते ती एका ओळीची," असे ती स्वतःच म्हणाली. ती ओळ तिने नकलून घेतली आणि गिटहबच्या सेटिंग्जमध्ये एसएसएच आणि जीपीजी कीज या पानावर नवी की म्हणून चिकटवली. शीर्षकाच्या रकान्यात तिने 'माय की' असे लिहायला घेतले होते. ते मी बदलायला लावले. दोन वर्षांनी त्या यादीत तीन किल्ल्या असतील आणि तिन्ही 'माय की' असतील तर कोणती काढायची हे कसे ठरवणार? तिथे संगणकाचे नाव हवे आणि तो घेतल्याचा महिना हवा.

पुढची पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तीच सगळ्यांत घाईने उरकली जाते. जोडणी तपासण्यासाठी आम्ही एसएसएच, डॅश कॅपिटल टी आणि गिट ॲट गिटहब डॉट कॉम अशी कमांड दिली. पहिल्या वेळी संगणक थांबतो आणि सांगतो की, समोरच्या सर्व्हरची खात्री पटवता येत नाही. त्याचे फिंगरप्रिंट असे-असे आहे. पुढे जायचे का? भाचीचे बोट 'यस' लिहिण्यासाठी आधीच वाय या अक्षरावर गेले होते. मी तिला पुराचे दिवस आठवायला सांगितले. पाणी चढत असते तेव्हा फोनवर तासाला दहा आकडे येतात, कोणी ४५ फूट म्हणतो, कोणी ५०, आणि शहाणा माणूस फॉरवर्डवर विसंबून सामान हलवत नाही किंवा निवांतही बसत नाही. तो राजाराम बंधाऱ्याचा प्रशासनाने जाहीर केलेला आकडा पाहतो. इथेही तसेच करायचे. गिटहबने आपल्या सर्व्हरची फिंगरप्रिंट्स आपल्या मदतपुस्तिकेत जाहीर केलेली आहेत. ते पान ब्राउझरमध्ये उघडले, पडद्यावरची अक्षरे त्याच्याशी ताडून पाहिली, ती तंतोतंत जुळली, मगच तिने पूर्ण 'यस' लिहिले. यानंतर ती ओळख 'नोन होस्ट्स' या फाइलमध्ये जमा होते आणि पुन्हा विचारले जात नाही.

जमा झालेली ओळख बदलली तर मात्र मोठ्या अक्षरांत धोक्याचा इशारा येतो, आणि तो खरा मानावा. २४ मार्च २०२३ रोजी, आपल्याकडे सकाळी साडेदहाच्या सुमारास, गिटहबने आपल्या सर्व्हरची आरएसए की बदलली, कारण तिचा खासगी भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रेपोमध्ये उघडा पडल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. तसे त्यांनी स्वतःच जाहीर केले. त्या दिवशी असंख्य संगणकांवर हा इशारा झळकला. ईडी२५५१९ ची त्यांची ओळख बदललेली नव्हती, त्यामुळे ती ज्यांच्याकडे जमा होती त्यांचे काम विनाखंड चालू राहिले. अशा वेळी योग्य क्रम असा की आधी जाहीर झालेले नवे फिंगरप्रिंट अधिकृत पानावर पाहावे, मग एसएसएच-कीजेन डॅश कॅपिटल आर देऊन जुनी ओळख काढावी. इशारा आला म्हणून नोन होस्ट्सची फाइलच उडवून देणारे पाहिले की मला वाईट वाटते.

भाचीच्या पडद्यावर 'हाय' आणि त्यापुढे तिचे स्वतःचे वापरनाव आले. तिची ओळख पटली आहे, मात्र इथे शेल (त्या सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) मिळत नाही, असेही त्याच ओळीत होते. तो नकार नव्हे, अपेक्षित उत्तर आहे. इथेच मी तिला सांगितले की मैत्रिणीची किल्ली वापरली असती तर याच जागी मैत्रिणीचे नाव आले असते. गिट ॲट गिटहब हे सगळ्यांचे एकच असते. कोण आले आहे हे गिटहब फक्त किल्लीवरून ओळखते. म्हणजे भाचीने वर पाठवलेले प्रत्येक काम तिथे मैत्रिणीने पाठवले असे नोंदले गेले असते, आणि मैत्रिणीच्या खात्यातल्या इतर खासगी रेपोंमध्येही भाचीला वाट मिळाली असती. तीच पब्लिक की भाचीच्या खात्यात घालायचा प्रयत्न केला असता तर गिटहबने ती आधीच वापरात आहे असे सांगून नाकारली असती, कारण एक किल्ली एकाच खात्याला जोडता येते.

एवढे होऊनही कोड वर गेला नाही, पुन्हा पासवर्डच मागितला गेला. यात पुष्कळ जण तासन् तास अडकतात. तिने रेपो उतरवताना एचटीटीपीएसचा पत्ता वापरला होता आणि गिट तोच पत्ता धरून बसले होते. किल्ली कितीही चोख असली तरी त्या वाटेवर तिला कोणी विचारत नाही. गिट रिमोट सेट-यूआरएल या कमांडने ओरिजिनचा, म्हणजे कोड जिथे पाठवायचा त्या रेपोचा, पत्ता एसएसएचचा करून दिला आणि पुढच्याच पुशला कोड वर गेला.

तिच्या कॉलेजमध्ये अडचण येऊ शकते, कारण बऱ्याच संस्थांच्या नेटवर्कवर एसएसएचचे २२ नंबरचे पोर्ट (जोडणीचे दार) बंद असते. गिटहबने त्यासाठी एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम या पत्त्यावर ४४३ नंबरच्या पोर्टावरून वाट ठेवलेली आहे. 'डॉट एसएसएच' फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये चार ओळी लिहून आम्ही तीही सोय करून ठेवली. 'परमिशन डिनाइड' आणि कंसात 'पब्लिककी' असे आले तर एसएसएचच्या त्याच कमांडला डॅश व्ही जोडावे आणि कोणकोणत्या फाइली पुढे केल्या जात आहेत ते वाचावे. नव्वद टक्के उत्तर त्या ओळींतच असते, असा माझा अनुभव आहे. लिनक्सवर किंवा मॅकवर आणखी एक कारण संभवते: प्रायव्हेट कीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देते, आणि तिच्या परवानग्या ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशा) केल्या की चालू होते.

माझ्या कारखान्यांतल्या संगणकांचे मी पुढे काय केले, हेही तिने विचारले. तिथे आता माझी वैयक्तिक किल्ली कुठेच नाही. गिटहबवर डिप्लॉय की नावाची सोय आहे: ती खात्याला न जोडता एका रेपोला जोडायची, आणि आपण वेगळे काही सांगितले नाही तर तिने फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. प्रत्येक कारखान्याच्या संगणकावर मी तिथेच बसून नवी किल्ली तयार करतो आणि तिची पब्लिक ओळ तेवढी त्या रेपोला जोडतो. एखादा संगणक उद्या न कळवता विकला गेला तरी एक ओळ काढायची. माझे काम, दुसऱ्या कारखान्याचे काम, कशालाही धक्का लागत नाही.

राहता राहिली मैत्रीण. भाचीने तिला स्पीकरवर फोन लावला. "अगं, ती पब्लिकच होती ना?" हाच तिचा पहिला प्रश्न होता. मी तिला ओळी मोजायला सांगितल्या. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सात-आठ आहेत, काका." मग तिने आपल्या खात्यातली ती किल्ली काढून टाकली, आणि खरोखर गेली की नाही हे पाहण्यासाठी आम्ही तिला तीच तपासणीची कमांड द्यायला लावली. 'परमिशन डिनाइड' असे तिने वाचून दाखवले तेव्हा भाचीने वहीत त्यापुढे बरोबरची खूण केली. नवी किल्ली करायला तिला दहा मिनिटेही लागली नाहीत. फिंगरप्रिंट ताडताना भाची इकडून एकेक अक्षर वाचत होती आणि ती तिकडून हो म्हणत होती. चौघींपैकी उरलेल्या दोघींच्या संगणकांवरही तीच जुनी किल्ली असल्याचे शेवटी निघाले, त्यामुळे येत्या रविवारी त्या दोघीही आपापले लॅपटॉप घेऊन येणार आहेत.